तळमजल्यावरची खोली

मुंबईत तीन-चार वर्षांच्या मुलाला शिक्षण मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा एका खोलीवर ठरते. खेड्यात अंगणवाडी लांब असते, वाटेत ओढा असतो, पावसाळ्यात रस्ता बंद होतो. शहरात असले अंतर नाही. गोवंडी, मालवणी, धारावी किंवा भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत मुले आहेत, त्यांना शिकवायला तयार असलेल्या बाया आहेत, मुलाने शिकावे अशी आयांची इच्छाही आहे. नसते ती जागा. वीस-पंचवीस मुले बसतील, उठून नाचतील, पाणी सांडले तर पुसता येईल आणि गलका झाला म्हणून घरमालक तोंड वाकडे करणार नाही, एवढी जागा. बालशिक्षणावर मराठीत पुष्कळ चांगले लिहिले गेले आहे. ते मुलांच्या मनाविषयी, पद्धतींविषयी, खेळांविषयी आहे आणि ते वाचायलाच हवे. पण या शहरापुरते बोलायचे तर आधी खोलीविषयी बोलावे लागते, म्हणून पुढच्या पानांकडे जाण्यापूर्वी मी तिथूनच सुरुवात करते.

मारिया माँटेसोरी यांच्या कामाची सुरुवातही एका खोलीतच झाली. रोममधला सान लोरेंझो हा कष्टकऱ्यांचा भाग. तिथल्या मोडकळीला आलेल्या इमारती एका गृहनिर्माण कंपनीने दुरुस्त करून कामगारांच्या कुटुंबांना राहायला दिल्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुले जिन्यांत हुंदडत, नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करत. त्यांच्याकडे कोणीतरी बघावे म्हणून कंपनीने इमारतीतलीच एक खोली दिली आणि माँटेसोरी यांना बोलावले. ६ जानेवारी १९०७ रोजी तिथे पन्नासेक मुलांचे पहिले बालगृह सुरू झाले. जगभर गेलेली ती पद्धत चाळीच्या तळमजल्यावर, मजुरांच्या मुलांसोबत घडली आहे. ज्या शाळांची फी ऐकून आज मुंबईतले कामगार आईबाप दारातूनच परत फिरतात, त्या शाळांच्या पाटीवर माँटेसोरींचे नाव असते. म्हणून हा इतिहास लक्षात ठेवायला हवा.

आपल्याकडचा इतिहास तर याहून जवळचा. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ मध्ये मुंबईतच झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे धडे गिरवले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. मुलांना मारायचे नाही, दटावायचे नाही, बक्षिसांची लालूच दाखवायची नाही, हात आणि डोळे यांना काम द्यायचे, हे त्या काळच्या मराठी पालकांना पटवणे सोपे नव्हते. दादरच्या मध्यमवर्गाला ते पटले. ताराबाईंना मात्र ते तिथेच थांबलेले चालणार नव्हते. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले.

बोर्डीला पहिल्यांदा बालवाडी बांधून मुलांची वाट पाहिली गेली. वाड्या-पाड्यांतली मुले काही येईनात. मग साहित्य उचलून बायांनीच पाड्यावर जायचे आणि तिथल्या कुणाच्या तरी अंगणात बालवाडी भरवायची, असे ठरले. अंगणवाडी जन्मली ती अशी. महागड्या लाकडी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यामागचा साधा विचार, आणि माझ्या मते मराठी माणसांनी भारतीय शिक्षणाला दिलेल्या देणग्यांत याची जागा फार वरची आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हे नाव सरकारी कागदावर आले. महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रकल्पांत मेळघाटातले धारणी होते आणि मुंबईतली धारावी होती. म्हणजे दादरहून बोर्डी-कोसबाडला गेलेली कल्पना पंचवीस-तीस वर्षांनी दादरपासून चालत जाण्याच्या अंतरावर परत आली. पण धारावीत अंगण नव्हते. पाड्यावर जे फुकट, उघडे आणि प्रशस्त होते, ते शहरात भाड्याने घ्यावे लागले.

ही भाड्याची खोली कशी असते ते सांगते, कारण योजनेच्या कागदांत ती दिसत नाही. मालवणीतल्या एका गल्लीत मी पाहिलेली खोली साधारण दहा बाय बारा फुटांची. दारातून येईल तेवढाच उजेड. एका कोपऱ्यात मोरी, तिच्यावर आडवी फळी टाकून हजेरीपट आणि रजिस्टरे ठेवलेली. पोटमाळ्यावर घरी द्यायच्या आहाराच्या पाकिटांची खोकी. छताच्या हुकाला वजनकाटा. वरच्या मजल्यावर घरमालकाचे कुटुंब, लोखंडी शिडी बाहेरूनच गेलेली. सतरंजी अंथरली की जमीन संपते. वीस-बावीस मुले तीन भिंतींना पाठ टेकून बसतात आणि मधल्या मोकळ्या चौकोनात सेविकाताई उभ्या. गोल करून खेळायचे असेल तर निम्मी मुले खेळतात, निम्मी बघतात, मग पाळी बदलते. बचत गटाचा खिचडीचा डबा आला की मदतनीस ताई दारातच वाढायला बसतात, त्यामुळे तेवढा वेळ कुणाला आत-बाहेर करता येत नाही.

त्याच खोलीत एक मुलगा पाणी ओतत होता. स्टीलचा छोटा जग, चार पेले, प्रत्येक पेल्याला लाल दोरा बांधलेला. दोऱ्यापर्यंतच पाणी भरायचे. पहिल्या पेल्यात पाणी दोऱ्याच्या वर गेले, तसे त्याने ताईंकडे पाहिले. ताई काही बोलल्या नाहीत. त्याने पेला उचलून थोडे पाणी परत जगात ओतले, थोडे जमिनीवर सांडले, फडके आणून पुसले आणि दुसऱ्या पेल्याकडे वळला. चौथ्या पेल्याला त्याचा हात दोऱ्याशी आपोआप थांबला. या सगळ्याला दहा मिनिटे लागली असतील. त्या वस्तीत पाणी पहाटे थोडा वेळ येते. या खेळासाठीची कळशी ताई स्वतःच्या घरून भरून आणत होत्या.

त्या दहा मिनिटांत शिकण्यासारखे काय आहे, असे विचारणारे पालक भेटतात, कधी नगरसेवकही भेटतात. मनगटावर ताबा येणे ही लिहिण्याची पूर्वतयारी आहे. कमी-जास्त, भरलेला-रिकामा, पहिला-चौथा हे गणिताचे पहिले शब्द आहेत, आणि ते हाताने कळल्यावर पाटीवरचे आकडे अर्थ घेऊन येतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चूक झाल्यावर न घाबरता ती स्वतः दुरुस्त करणे. पहिलीच्या वर्गात साठ मुलांत बसलेल्या मुलाला हे येत असेल तर तो टिकतो. येत नसेल तर मागच्या बाकावर सरकतो आणि चौथी-पाचवीपर्यंत त्याला वाचता येत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना चांगली बालवाडी मिळाली, काहींना मिळाली नाही, आणि दोन्ही गटांचा मागोवा चाळिशीपर्यंत घेतला गेला. बुद्धिमापन चाचणीतला सुरुवातीचा फरक काही वर्षांत पुसला गेला. पण बालवाडीत गेलेल्यांनी शाळा जास्त संख्येने पुरी केली, पुढे जास्त कमावले, पोलिसांच्या हाती कमी वेळा सापडले. या प्रयोगाचे नाव आपल्याकडच्या भाषणांत वारंवार येते. त्यातला एक तपशील मात्र सांगायचा राहून जातो: तिथल्या शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईशी बसून बोलत. तेवढा वेळ आपण आपल्या ताईंना देतो का, हे तपासल्याशिवाय त्या निष्कर्षांचा दाखला देणे बरोबर नाही.

आपल्या सेविकेचा वेळ कुठे जातो, हे मोजायला फार हुशारी लागत नाही. एकात्मिक बालविकास योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण आणि आरोग्य शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. एक सेविका, एक मदतनीस. गरोदर बायांची नोंद, बाळांची वजने, गृहभेटी, सर्वेक्षणे, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये रोजची माहिती भरणे. हे सगळे आटोपून उरलेल्या वेळात मुलांना शिकवायचे. एवढे करून त्यांना मिळते ते मानधन, पगार नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. तरीही महाराष्ट्रातल्या सेविकांना ४ डिसेंबर २०२३ पासून पुढच्या जानेवारीच्या अखेरीपर्यंत संप करावा लागला. त्या काळात आझाद मैदानावर बसलेल्या बायांविषयी, मुलांचे हाल करतात म्हणून बोलणारे लोक मी ऐकले. मुलांचे हाल त्या बायांमुळे होत नाहीत. त्यांच्या कामाला पूर्ण वेळाचे काम न मानल्यामुळे होतात.

कायद्याचे चित्र थोडक्यात सांगायला हवे. राज्यघटनेच्या मूळ ४५व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली होती, तिच्यात लहानगी मुलेही आलीच. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालच्यांसाठी राज्य प्रयत्न करील एवढेच ठेवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे ११वे कलम तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल असे म्हणते, केलीच पाहिजे असे म्हणत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकसलग पायाभूत टप्पा मानला. हे चांगले झाले, पण धोरण घेऊन आईला न्यायालयात जाता येत नाही. जो हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो तो उशिरा सुरू होतो, कारण तोवर पहिलीच्या वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांमध्ये तीन वर्षांचे अंतर पडलेले असते. एकाने तीन वर्षे गोष्टी ऐकलेल्या असतात. दुसरा तीन वर्षे धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेला असतो.

कडेवर घेऊन बसलेला म्हटले खरे, पण बहुतेक वेळा ती मुलगी असते. घरकामाला जाणारी बाई सकाळी साडेसात-आठला बाहेर पडते, दुपारी तीन-चारला परत येते. अंगणवाडी त्यातले तीन-चार तासच सांभाळते. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सोडायला आणि तिथून आणायला घरात कुणीतरी लागते, आणि ते कुणीतरी म्हणजे चौथी-पाचवीतली थोरली बहीण. तिची शाळा आधी अधूनमधून बुडते, मग सुटते. शहरात बालशिक्षणाचा प्रश्न पाळणाघराच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, तो यामुळे. या दोन्ही गोष्टी दोन वेगवेगळ्या फायलींत ठेवल्या की दोन्ही फसतात, हे माझे ठाम मत आहे.

ही जाणीव नवी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले, १९७६ च्या दुरुस्तीने तो आकडा तीसवर आणला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असतील तर ती तरतूद होती. पण घरकामगार, कचरावेचक, घरी बसून बांगड्यांना खडे लावणारी, नाक्यावर उभी राहणारी बाई यांतल्या कुठल्याच आकड्यात बसत नाही, कारण तिच्या कामाच्या ठिकाणी ती एकटीच असते. बांधकामावरच्या मुलांसाठी १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली. काही वर्षांतच ते काम मुंबईतही आले. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्यात वाढलेल्या डोअर स्टेप स्कूलने बसमध्येच वर्ग भरवला. या संस्थांनी जे केले ते ताराबाईंच्याच रीतीने, मूल असेल तिथे जाऊन. पण इमारत पुरी झाली की मजुरांचा तळ उठतो आणि मूल पुढच्या साइटवर जाते, जिथे त्याची नोंद कुठल्याच सर्वेक्षणात नसते. संस्थांच्या बळावर एवढ्या मोठ्या शहराचा भार पेलणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त लोकसंख्या झोपडवस्त्यांत राहते.

अंगणवाडी नसेल किंवा तिच्यावर भरवसा नसेल, तर आई गल्लीतल्या इंग्रजी नर्सरीकडे वळते. तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. इंग्रजीशिवाय या शहरात पोराचे अडते, हे ती ज्या घरांत भांडी घासते तिथे रोज पाहते. पोटाला चिमटा काढून ती फी भरते. तिच्या पैशांच्या बदल्यात तिला बहुतेक ठिकाणी मिळते ते साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात दिलेली पेन्सिल, चार रेघी वही, रोज दोन पाने एबीसीडी आणि न समजता पाठ केलेली इंग्रजी गाणी. मुलाची बोटे अजून मऊ असतात, पेन्सिल घट्ट धरून दुखतात, मग मार. हे शिक्षण नव्हे आणि आईला ते स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. पण नुसते सांगून भागणार नाही. तिच्या घराजवळ त्याहून चांगले काहीतरी चालू असलेले तिला दिसले पाहिजे.

भाषेचा गुंता मुंबईत आणखी एक पदर वाढवतो. धारावीतल्या एका वर्गात मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ आणि भोजपुरी बोलणारी घरे एकत्र बसतात. ताई मराठी. चांगल्या ताई काय करतात, तर सुरुवातीचे महिने मुलाला त्याच्या भाषेत बोलू देतात आणि स्वतः त्याच्याकडून शब्द घेतात. पाणी, पानी, तण्णी असे तिन्ही शब्द टाळ्यांवर म्हणून घेणाऱ्या एक ताई मला माहीत आहेत. त्यांच्या वर्गात दोन महिने गप्प बसलेली एक मुलगी तण्णी ऐकताच उठून उभी राहिली होती. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत असे काही लिहिलेले नव्हते. ताईंनी ते शेजारणीकडून शिकून घेतले होते.

आता पुन्हा खोलीकडे येते, कारण या सगळ्यातली हीच एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी नवा शोध लागायचा नाही आणि नवा कायदाही करावा लागणार नाही. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमावलीत पुनर्वसन योजनेत रहिवाशांच्या संख्येच्या प्रमाणात बालवाडीची जागा ठेवायची तरतूद आहे. सोसायटीचे कार्यालय आणि कल्याण केंद्र जसे असते, तशीच बालवाडीही. म्हणजे रोममध्ये १९०७ साली जे एका कंपनीच्या मनात आले, ते आपल्याकडे नियमात लिहिलेले आहे. नकाशावर ती खोली असते. प्रत्यक्षात कुठे ती कुलूपबंद असते, कुठे तिच्यात मंडळाचे सामान भरलेले असते, कुठे कॅरमचा अड्डा, कुठे पोटभाडेकरू. आणि त्याच इमारतीतली चार वर्षांची मुले लिफ्टच्या समोर खेळत असतात.

दुसरी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये आदेश दिला आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यावर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी. हा आदेश खेड्यांइतकाच झोपडवस्त्यांनाही लागू आहे. मागणी करायची तर मुलांची नावे, वये आणि पत्ते यांची यादी हवी. ती यादी करायला एक रविवार पुरतो.

पुढच्या पानांत शिकवण्याच्या रीती येतील, खेळ येतील, ताईंचे अनुभव येतील. ते वाचताना प्रत्येक ठिकाणी जागेचा विचार मनात ठेवा. आणि तुम्ही पुनर्वसनाच्या इमारतीत राहत असाल किंवा तुमच्याकडे काम करणारी बाई तिथे राहत असेल, तर या महिन्यात एवढे करा: मंजूर नकाशात बालवाडीची खोली कुठे दाखवली आहे ते सोसायटीच्या कार्यालयात विचारा, तिची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, आणि सर्वसाधारण सभेत ती खोली जवळच्या अंगणवाडीला देण्याचा ठराव लेखी मांडा.